अ‍ॅना मे वाँग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मूकपटांच्या जमान्यातल्या या अभिनेत्रीचं नाव निघालं की बहुतेकांना एकच गोष्ट आठवते: तिला न मिळालेली एक भूमिका. ती गोष्ट खाली आहेच. पण तिच्या अलीकडे-पलीकडे मिळून चाळीस वर्षांचं काम आहे, आणि माझा कल त्या कामाकडे जास्त आहे, हे आधीच सांगून टाकते.

अ‍ॅना मे वाँग कोण होती?

हॉलिवूडमध्ये जगभर नाव कमावलेली पहिली चिनी-अमेरिकन अभिनेत्री. जन्म ३ जानेवारी १९०५, लॉस एंजेलिस. मृत्यू ३ फेब्रुवारी १९६१, सँटा मोनिका. साठहून अधिक चित्रपट, शिवाय लंडन-व्हिएन्ना-न्यूयॉर्कची रंगभूमी, रेडिओ आणि शेवटी टीव्ही.

म्हणजे ती चिनी की अमेरिकन?

जन्मानं अमेरिकन. तिच्या घराण्यातली माणसं १८५०च्या दशकातच कॅलिफोर्नियात पोचली होती. मूळ गाव दक्षिण चीनमधल्या ताइशान भागातलं. वडील वाँग सॅम सिंग यांची लॉस एंजेलिसमध्ये लाँड्री होती आणि लहानपणी ही मुलगी गिऱ्हाइकांच्या घरी कपडे पोचवत असे. घरातलं नाव वाँग ल्यू त्साँग. ‘अ‍ॅना मे’ हे इंग्रजी नाव.

पण जन्मानं नागरिक असणं आणि नागरिकासारखं वागवलं जाणं यांत फरक होता. १८८२च्या चिनी बहिष्कार कायद्यानं चिनी मजुरांना अमेरिकेची दारं बंद केली होती. हा कायदा १९४३ साली रद्द झाला, तोही युद्धात चीन मित्रराष्ट्र झाला म्हणून. तोवर अमेरिकेत जन्मलेल्या चिनी वंशाच्या माणसालाही परदेशी जाण्याआधी अर्ज भरून, चौकशीला सामोरं जाऊन ‘मला परत येऊ द्याल ना?’ याची हमी घ्यावी लागे. बर्लिनच्या वर्तमानपत्रांत जिचे फोटो छापून येत होते, तिलाही हे चुकलं नाही.

शाळेतही तेच. आधीच्या सरकारी शाळेत गोऱ्या मुलांनी तिचा आणि मोठ्या बहिणीचा इतका छळ केला की आईवडिलांनी दोघींना चिनी मुलांसाठी चालवलेल्या मिशनच्या शाळेत घातलं.

सिनेमात कशी आली?

शाळा बुडवून. तेव्हाचा फिल्म उद्योग नुकताच न्यूयॉर्ककडून कॅलिफोर्नियात सरकला होता आणि लॉस एंजेलिसच्या चायनाटाऊनच्या गल्ल्यांत सर्रास शूटिंग चालायचं. ही पोरगी तिथं तासन्‌तास उभी राहायची, कॅमेरावाल्यांना प्रश्न विचारून भंडावून सोडायची. खाऊचे पैसे तिकिटावर जात. १९१९च्या ‘द रेड लँटर्न’मध्ये शेकडो चिनी एक्स्ट्रांची गरज पडली, त्यांत तिला उभं केलं गेलं. आला नाझिमोवा नायिका होती आणि हिच्या हातात कंदील. पडद्यावर शोधूनही सापडणार नाही इतकं ते काम छोटं होतं.

घरच्यांना चाललं?

वडिलांना मुळीच नाही. चांगल्या घरातल्या मुलीनं नटी व्हायचं नसतं, हे त्यांचं मत. आपल्याकडे त्याच सुमारास फाळक्यांना स्त्री-भूमिकांसाठी बाई मिळेना, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. तिनं मात्र शिक्षण अर्धवट सोडून सिनेमाच धरला.

पहिली मुख्य भूमिका कोणती?

‘द टोल ऑफ द सी’, १९२२. वय १७. हा चित्रपट टेक्निकलर या रंगीत चित्रणाच्या तंत्राच्या सुरुवातीच्या, लाल-हिरव्या दोनच रंगांच्या पद्धतीनं काढलेला. गोष्ट जुनीच: गोऱ्या परदेशी माणसावर प्रेम करणारी पौर्वात्य मुलगी, तो सोडून जातो, ती मूल त्याच्या गोऱ्या बायकोच्या हवाली करते आणि जीव देते.

गोष्ट सोडा, तिला बघा. त्या काळात बाकीचे नट हात उडवून, डोळे फाडून अभिनय करत होते. ही मुलगी जवळजवळ हलतच नाही. रडणंसुद्धा असं की आधी हसू विझतं, मग डोळे भरतात. सतराव्या वर्षी हे तिला कुणी शिकवलं असेल असं वाटत नाही.

‘द थीफ ऑफ बगदाद’मध्ये तीच होती का?

तीच. १९२४ साली आलेल्या डग्लस फेअरबँक्सच्या या चित्रपटात ती राजकन्येची मंगोल दासी आहे, कपटी आणि तोकड्या कपड्यांतली. या भूमिकेनं तिला जगभर ओळख दिली. त्यात आपलाही वाटा आहे. १९२७-२८ साली रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं नेमलेल्या चित्रपट चौकशी समितीनं हा चित्रपट हिंदुस्थानात सर्वांत लोकप्रिय ठरल्याचं नोंदवलं होतं. तेव्हा मुंबईच्या एखाद्या थिएटरात बसलेल्या कुणाच्या पणजोबांनी अ‍ॅना मे वाँगला पडद्यावर पाहिलं असण्याची शक्यता बरीच आहे, नाव माहीत नसलं तरी.

मग ती नायिका का झाली नाही?

हा खरा प्रश्न. उत्तर लांब आहे, कारण एकाच माणसाला दोषी धरता येत नाही.

कॅलिफोर्नियात गोऱ्या आणि ‘मंगोलियन’ व्यक्तीचं लग्न कायद्यानं अवैध होतं. ती बंदी १९४८ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं उठवली. पडद्यावर कायदा चालत नाही, पण पडद्यावरच्या नीतीची संहिता चालते. हॉलिवूडनं १९३० साली स्वतःवर लादून घेतलेली संहिता १९३४पासून कडकपणे राबवली गेली आणि तिच्यात वेगवेगळ्या वंशांमधल्या शरीरसंबंधांना मनाई होती. कागदावर उल्लेख गोऱ्या आणि काळ्या वंशांचा. व्यवहारात मात्र निर्माते आशियाई कलाकारांच्या बाबतीतही तेच धरून चालत.

आता गणित मांडून बघा. चित्रपटाचा नायक गोरा असणार, कारण तिकिटं त्याच्या नावावर खपतात. नायिकेनं नायकाला मिठीत घ्यायला हवं. हिला ते करता येत नाही. मग हिच्यासाठी उरतं काय? दासी, नर्तकी, खलनायकाची मुलगी, किंवा प्रेमात पडून चौथ्या रिळात मरणारी. पटकथालेखकाला तिला मारून टाकणं सोयीचं पडे, कारण मग प्रेमाचं पुढे काय करायचं हा प्रश्नच उरत नसे. आपण पडद्यावर किती वेळा मेलो यावर ती स्वतःच विनोद करायची.

नायक चिनी घेतला असता तर?

घेत ना! फक्त तो चिनी माणूस गोरा नट मेकअप करून करायचा. डोळ्यांच्या कडा चिकटपट्टीनं ओढायच्या, मिशा लावायच्या, झाला चिनी. या प्रकाराला आज ‘यलोफेस’ म्हणतात. स्वीडनमध्ये जन्मलेल्या वॉर्नर ओलंडनं कारकिर्दीचा मोठा भाग चिनी भूमिकांवर काढला.

बायकांच्या भूमिकांचंही तेच. १९२७च्या ‘मिस्टर वू’मध्ये चिनी नायिका झाली फ्रेंच रेने अदोरे, आणि वाँगच्या वाट्याला दुय्यम काम आलं. १९२८च्या ‘द क्रिमझन सिटी’त चिनी नायिका मर्ना लॉय. तिला काड्यांनी जेवता येईना, तेव्हा ते शिकवायचं काम वाँगकडे आलं.

तिनं स्वतःची कंपनी काढली होती म्हणतात, खरं का?

खरं. १९२४ साली, चिनी दंतकथांवर चित्रपट काढायला. भागीदारानं व्यवहारात फसवणूक केली, प्रकरण कोर्टात गेलं आणि कंपनी गुंडाळावी लागली. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी.

युरोपला का गेली?

इथं कंटाळली म्हणून आणि तिथून बोलावणं आलं म्हणून. १९२८ साली ती जर्मनीला गेली. दिग्दर्शक रिचर्ड आइखबर्गबरोबर ‘साँग’ केला आणि बर्लिननं तिला डोक्यावर घेतलं. विचारवंत वाल्टर बेन्यामिननं तिला भेटून तिच्यावर लेख लिहिला. त्याच वर्षी बर्लिनच्या एका मेजवानीत आल्फ्रेड आयझेनश्टेटनं काढलेला फोटो प्रसिद्ध आहे: नटी मार्लेन डिट्रिश, अ‍ॅना मे वाँग आणि लेनी रीफेनश्टाल, तिघी एका चौकटीत. पुढे काय झालं हे माहीत असलेल्याला तो फोटो बघवत नाही. डिट्रिश हिटलरविरुद्ध उभी राहिली, रीफेनश्टालनं हिटलरसाठी चित्रपट काढले, आणि मधली हॉलिवूडला परतून पुन्हा खलनायकाची मुलगी झाली.

युरोपात वंशभेद नव्हता असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. तिथंही भूमिका ‘पूर्वेकडच्या मोहिनी’च्याच होत्या. फरक इतकाच की त्या मुख्य होत्या आणि पोस्टरवर नाव मोठं होतं.

बोलपट आले तेव्हा अनेकांची कारकीर्द आवाजापाशी अडली. हिनं जर्मन आणि फ्रेंच शिकून घेतलं आणि १९३०चा पहिला बोलपट इंग्रजी, जर्मन, फ्रेंच अशा तिन्ही आवृत्त्यांत स्वतःच केला. व्हिएन्नात जर्मन भाषेतली संगीतिका केली. त्याआधी १९२९ साली लंडनच्या रंगभूमीवर तरुण लॉरेन्स ऑलिव्हिएबरोबर ‘द सर्कल ऑफ चॉक’ केलं, तेव्हा समीक्षकांनी तिच्या कॅलिफोर्नियन उच्चारांची टर उडवली होती. चिनी बाईच्या तोंडी अमेरिकन इंग्रजी त्यांना खपेना. तिनं केंब्रिजच्या शिक्षकाकडून उच्चारांचे धडे घेतले आणि नंतर आयुष्यभर ती त्या ठसठशीत ब्रिटिश ढंगात बोलत राहिली.

‘पिकॅडिली’चं एवढं कौतुक का होतं?

कारण तो तिचा सर्वोत्तम चित्रपट आहे. निदान माझ्या मते. १९२९, लंडन, दिग्दर्शक ई. ए. ड्यूपाँ, आणि तिच्या शेवटच्या मूकपटांपैकी एक.

ती शोशो नावाची मोरीवाली आहे, एका झगमगीत नाइट क्लबच्या स्वयंपाकघरात भांडी घासणारी. एका गिऱ्हाइकाच्या ताटाला डाग निघतो (हे गिऱ्हाईक म्हणजे चार्ल्स लॉटन, अगदी सुरुवातीच्या कामांपैकी एक), मालक चौकशीला खाली उतरतो आणि पाहतो तर ही टेबलावर चढून नाचतेय. फाटके मोजे, आजूबाजूला वाफ, बाकीच्या मोरीवाल्या काम सोडून बघतायत. पुढे मालक तिला स्टेजवर आणतो आणि ती जाहिरातीत नाव असलेल्या नायिकेला, गिल्डा ग्रेला, कथेतही मागे टाकते आणि पडद्यावरही.

एक दृश्य चुकवू नका. लाइमहाउस भागातल्या दारूच्या गुत्त्यात एक काळा माणूस गोऱ्या बाईबरोबर नाचतो म्हणून गदारोळ होऊन त्याला हाकललं जातं. शोशो आणि गोरा मालक बाजूला उभे राहून ते बघतात. दोघंही काही बोलत नाहीत, आणि आपल्याबद्दलच चाललंय हे दोघांनाही कळतं. शेवटी ती मरते, अर्थातच. तोवर चित्रपट तिचा झालेला असतो.

पैसे किती मिळायचे?

एकच उदाहरण पुरे. १९३१चा ‘डॉटर ऑफ द ड्रॅगन’. वाँग मुख्य भूमिकेत, तिला ६,००० डॉलर. जपानी नट सेसू हायाकावाला १०,०००. आणि जेमतेम २३ मिनिटं दिसणाऱ्या वॉर्नर ओलंडला, फू मांचू या चिनी खलनायकाच्या मेकअपसकट, १२,०००.

याच सुमारास एका ब्रिटिश सिने-साप्ताहिकाला दिलेल्या मुलाखतीत तिनं सरळ विचारलं की पडद्यावरचा चिनी माणूस नेहमी खुनी, दगाबाज, गवतातला साप असाच का? आमची संस्कृती पाश्चात्त्यांहून कितीतरी जुनी आहे, आम्ही असे नाही. मोठ्या स्टुडिओंवर पोट असलेल्या बाईनं हे छापील बोलणं धाडसाचं होतं.

‘शांघाय एक्स्प्रेस’मध्ये ती आणि डिट्रिश यांत कोण सरस?

भांडायला छान विषय. योसेफ फॉन स्टर्नबर्गचा हा १९३२चा चित्रपट डिट्रिशसाठीच उभारलेला, सगळा प्रकाश तिच्यावर. वाँगच्या हुइ फेइला मोजके संवाद आहेत. रेल्वेच्या डब्यात एक सोवळी बोर्डिंगवाली बाई येऊन आपलं बोर्डिंग किती ‘प्रतिष्ठित’ आहे हे सांगते. तेव्हा पत्ते मांडत बसलेली वाँग थंडपणे म्हणते की तुमच्याकडे प्रतिष्ठेचं माप नेमकं काय आहे ते मला ठाऊक नाही. आवाज चढत नाही, मान वळत नाही, आणि बाई पार गारद होते. कथेत खलनायकाला मारून सगळ्यांना सोडवते तीही हीच. माझं मत वाँगला.

‘द गुड अर्थ’ची भानगड नेमकी काय?

पर्ल बक यांच्या कादंबरीवर एमजीएम या स्टुडिओनं मोठा चित्रपट काढायचं ठरवलं. चिनी शेतकरी कुटुंबाची गोष्ट. ओलान ही शेतकऱ्याची बायको, सोशिक, खंबीर. अशी भूमिका चिनी बाईसाठी हॉलिवूडमध्ये आधी लिहिलीच गेली नव्हती. ती वाँगला मिळावी असं अनेकांना वाटत होतं आणि तिला स्वतःला फारच वाटत होतं.

स्टुडिओनं नायक म्हणून पॉल मुनी घेतला, गोरा नट. नायक गोरा ठरल्यावर त्याची बायको चिनी कशी चालेल? वर सांगितलेलं गणित इथंही लागू झालं. ओलान झाली जर्मन लुइसे रायनर. वाँगची १९३५ साली चाचणी घेतली गेली ती लोटससाठी, म्हणजे घर फोडणाऱ्या धाकट्या बायकोसाठी. अख्ख्या कथेत एकच नावडतं पात्र, तेवढं चिनी रक्ताच्या बाईनं करायचं आणि बाकी सगळी चांगली माणसं गोऱ्यांनी, हे मला मान्य नाही, असं तिनं सांगितलं. चाचणीनंतर निर्मात्यांच्या टिपणात ती लोटससाठीही पुरेशी सुंदर वाटली नाही असा शेरा आहे. चित्रपटाला सल्ला द्यायला आलेला चीन सरकारचा माणूसही तिच्या बाजूचा नव्हता.

चित्रपट १९३७ साली आला, रायनरला ऑस्कर मिळालं. वाँगच्या धाकट्या बहिणीला, मेरीला, त्यात एक छोटं काम मिळालं होतं.

मग ती चीनला निघून गेली ना?

गेली, पण वर्षभराच्या बेतानं, कायमची नाही. १९३६च्या जानेवारीत. पूर्वजांचा देश पाहायचा, मँडरिन शिकायची (घरची भाषा ताइशान भागातली, तिचा शांघायला उपयोग नव्हता), पेइचिंगच्या नाट्यपरंपरेचा अभ्यास करायचा. वडील दोन वर्षांपूर्वीच मूळ गावी परतले होते.

स्वागत दोन्ही प्रकारचं झालं. शांघायच्या उच्चभ्रू वर्तुळात मेजवान्या, मेइ लानफांगसारख्या थोर नटाची भेट. दुसरीकडे, चीनची बदनामी करणाऱ्या भूमिका करतेस म्हणून वर्तमानपत्रांत टीका आणि हाँगकाँगला संतप्त जमाव. हॉलिवूडला ती फार चिनी वाटत होती आणि चीनला फार अमेरिकन. तिनं टीका ऐकून घेतली आणि अशा भूमिका मी घेते कारण दुसऱ्या मिळत नाहीत, हेही सांगितलं.

परत आल्यावर काही बदललं?

हो, आणि हा भाग लोक विसरतात. पॅरामाउंटबरोबर तिनं काही कमी खर्चाचे चित्रपट केले, त्यांत चिनी-अमेरिकन माणसं सरळ माणसांसारखी दिसतात. ‘डॉटर ऑफ शांघाय’ (१९३७) मध्ये ती वडिलांच्या खुन्यांचा माग काढणारी मुलगी आहे आणि नायक आहे कोरियन-अमेरिकन फिलिप आन, सरकारी गुप्तहेर. दोघं शेवटी जिवंत राहतात, लग्नही ठरतं! ‘किंग ऑफ चायनाटाऊन’ (१९३९) मध्ये ती शल्यविशारद आहे.

महायुद्धात तिनं काय केलं?

चीनसाठी निधी. आपले पोशाख लिलावात काढले, ‘बॉम्ब्ज ओव्हर बर्मा’ आणि ‘लेडी फ्रॉम चुंगकिंग’ या १९४२च्या दोन चित्रपटांचं मानधन चीनच्या मदतीला दिलं.

लग्न का केलं नाही?

गोऱ्याशी कायद्यानं करता येत नव्हतं आणि चिनी समाजात नटीला सून करून घेणारं घर अवघड होतं. बाकीचं तिचं खासगी आयुष्य आहे. अफवा भरपूर छापल्या गेल्या, त्या इथं नकोत.

टीव्हीवर ती होती का?

१९५१ साली ड्यूमाँट वाहिनीवर ‘द गॅलरी ऑफ मादाम ल्यू त्साँग’ ही मालिका आली. कलावस्तूंची विक्री करणारी बाई रहस्यं उलगडते, अशी कल्पना. आशियाई-अमेरिकन व्यक्ती मुख्य भूमिकेत असलेली ही अमेरिकेतली पहिली टीव्ही मालिका. त्यातला एकही भाग आज उपलब्ध नाही.

मर्ल ओबेरॉनचं नाव तिच्याबरोबर का घेतलं जातं?

ओबेरॉनचा जन्म १९११ साली आपल्या मुंबईतला, अँग्लो-इंडियन घरातला. तिनं तो आयुष्यभर लपवला. स्टुडिओनं तिचं जन्मस्थान टास्मानिया असल्याचं सांगितलं आणि लोकांनी मानलं. ‘द डार्क एंजल’ (१९३५) साठी ऑस्करचं नामांकन मिळालं, नायिका म्हणून. त्याच वर्षी वाँगची लोटससाठी चाचणी चालली होती. रंग उजळ म्हणून एकीला खोटं बोलायची वाट मोकळी होती, दुसरीला तीही नव्हती. ओबेरॉनला दोष देण्याची मला घाई नाही. तिनंही किंमत मोजली, वेगळी.

शेवटची वर्षं कशी गेली?

प्रकृतीच्या तक्रारी, त्यांत यकृताचा विकार. भाऊ रिचर्डबरोबर सँटा मोनिकात राहत होती. १९६० साली ‘पोर्ट्रेट इन ब्लॅक’मधून मोठ्या पडद्यावर परतली आणि हॉलिवूडच्या फुटपाथवर तिच्या नावाचा तारा बसला. ‘फ्लॉवर ड्रम साँग’ या जवळजवळ पूर्ण आशियाई नटसंचाच्या चित्रपटात तिला भूमिका ठरली होती, पण आधीच हृदयविकारानं गेली. वय ५६.

नाण्यावर तिचा चेहरा आहे, ते खरं का?

खरं. ऑक्टोबर २०२२मध्ये अमेरिकेनं काढलेल्या पाव डॉलरच्या नाण्यावर हनुवटीखाली हात टेकलेली ती आहे, भोवती थिएटरच्या दिव्यांची रांग. अमेरिकन चलनावर आलेली ही पहिली आशियाई-अमेरिकन व्यक्ती. दुसऱ्या बाजूला जॉर्ज वॉशिंग्टन.

आज पाहायचं तर कुठून सुरुवात करू?

‘पिकॅडिली’पासून. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटनं जपलेली चांगली प्रत मिळते, कुठल्याही वेड्यावाकड्या प्रतीवर समाधान मानू नका, कारण निम्मी मजा छायाचित्रणात आहे. मग ‘शांघाय एक्स्प्रेस’. ‘द टोल ऑफ द सी’ इंटरनेटवर मोफत सापडतो. त्याचा शेवटचा भाग हरवला होता, म्हणून जुन्याच दोन-रंगी कॅमेऱ्यानं १९८०च्या दशकात समुद्राचं चित्रण करून तो पुरा केलेला आहे. ‘डॉटर ऑफ शांघाय’ तासाभराचाच आहे, कथा किरकोळ, पण वाँग आणि आन यांना एकमेकांशी साध्या इंग्रजीत बोलताना बघायला मिळतं, आणि त्यासाठी तो तासही वाया जात नाही. ‘डॉटर ऑफ द ड्रॅगन’ सगळ्यात शेवटी ठेवा, किंवा राहू द्या.